अमेरिकेच्या अपरिचित वाइन-प्रदेशांची ओळख कशी करून घ्यावी

अमेरिकेतील सुमारे ८० टक्के वाइन एकट्या कॅलिफोर्नियात तयार होते. त्यामुळे अमेरिकन वाइन म्हणजे त्या राज्यातील नापा हा प्रसिद्ध वाइन-प्रदेश, असा समज सहज होतो. उरलेल्या मुलखाकडे वळणारे बरेच जण दुकानात दिसेल ती बाटली उचलतात, तिची नापाच्या कॅबर्ने या लाल वाइनशी तुलना करतात आणि निराश होतात. माझ्या मते सुरुवात वेगळ्या ठिकाणाहून करावी. त्या भागातील द्राक्ष बागायतदारासमोर कोणती अडचण आहे हे आधी जाणून घ्यावे, कारण कडाक्याची थंडी, दमट उन्हाळा किंवा गारपीट यांना तोंड देता देताच तिथली द्राक्षाची जात ठरत गेली आहे आणि वाइनची चवही तिच्यातूनच घडली आहे.

म्हणून पहिली पायरी अशी, की एकच प्रदेश आणि त्यातील एकच द्राक्ष निवडावे. नवख्याने न्यूयॉर्क राज्यातील फिंगर लेक्स हा सरोवरांचा प्रदेश आणि तिथले रिस्लिंग हे पांढऱ्या वाइनचे द्राक्ष घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. हिमयुगातील हिमनद्यांनी कोरलेली ही लांबट, अरुंद सरोवरे फार खोल आहेत. त्यांपैकी सेनेका सरोवराची खोली सुमारे १८८ मीटर आहे. एवढे पाणी हिवाळ्यात सहसा पूर्ण गोठत नाही आणि काठच्या उतारांना ऊब देत राहते. वसंतात तेच पाणी थंड राहिल्याने वेलींचे डोळे उशिरा फुटतात व उशिराच्या थंडीच्या तडाख्यातून वाचतात. तरीही युरोपीय जातीची द्राक्षे इथे तग धरणार नाहीत, असे बहुतेकांचे मत होते. युक्रेनमधून १९५१मध्ये अमेरिकेत आलेल्या डॉ. कॉन्स्टँटिन फ्रँक यांनी ते मानले नाही. योग्य खुंटावर, म्हणजे मुळांसाठी वापरलेल्या दुसऱ्या वेलीवर, कलम केल्यास या वेली हिवाळा काढतील, हा त्यांचा आग्रह शार्ल फोर्निए या वाइननिर्मात्याने उचलून धरला आणि फ्रँक यांनी १९६२मध्ये क्यूका सरोवराकाठी स्वतःची वाइनरी काढली. आजचे फिंगर लेक्स रिस्लिंग त्या चिकाटीतून उभे राहिले आहे.

दुसरी पायरी खरेदीची. एकाच वर्षाच्या, पण वेगवेगळ्या वाइनरींच्या दोन-तीन बाटल्या घ्याव्यात आणि त्यांपैकी एक तरी किंचित गोड असावी. रिस्लिंगच्या अनेक बाटल्यांच्या मागच्या लेबलावर ‘ड्राय’ (कोरडी, म्हणजे गोडवा जवळजवळ नसलेली) पासून ‘स्वीट’ (गोड) पर्यंतची पट्टी छापलेली असते, ती पाहून निवड सोपी होते. लेबलावरील इतर शब्दांनाही कायद्याचा आधार असतो. ‘एव्हीए’ म्हणजे सरकारमान्य द्राक्षप्रदेशाचे नाव छापायचे, तर किमान ८५ टक्के द्राक्षे तिथली असावी लागतात. द्राक्षाच्या जातीचे नाव द्यायचे, तर सर्वसाधारणपणे किमान ७५ टक्के द्राक्षे त्या जातीची लागतात. ‘एस्टेट बॉटल्ड’ लिहिलेले असल्यास सर्व द्राक्षे वाइनरीच्या मालकीच्या किंवा ताब्यातील बागांमधली असतात. उलट ‘सेलर्ड बाय’ किंवा ‘विंटेड बाय’ एवढेच असेल, तर ती वाइन त्या वाइनरीने स्वतः आंबवलेली असेलच असे नाही. प्रदेश समजून घ्यायचा असेल, तर हा फरक किमतीपेक्षा महत्त्वाचा आहे.

चव घेताना रिस्लिंग साधारण ८ ते १० अंश सेल्सिअसवर ठेवावी आणि कोरडीकडून गोडीकडे जावे. प्रत्येक घोटानंतर आम्लता किती, गोडवा किती आणि चव किती वेळ टिकते, एवढेच लिहून ठेवावे. फळाफुलांच्या नावांची यादी नंतरही करता येते. तिखट मराठी जेवणाबरोबर किंचित गोड रिस्लिंग छान जमते, कारण जास्त टॅनिनच्या (तुरटपणा देणाऱ्या घटकाच्या) आणि जास्त अल्कोहोलच्या वाइनने तिखटाची आग अधिक जाणवते.

त्यानंतर मुद्दाम वेगळ्या अडचणीचा प्रदेश घ्यावा. व्हर्जिनियात अडचण दमट उन्हाळ्याची आहे. डावणी आणि भुरी या बुरशीजन्य रोगांशी झुंजणाऱ्या आपल्या बागायतदारांना ती लगेच उमगेल. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी माँटिचेलो या आपल्या मळ्यात युरोपीय वेली लावण्याचे प्रयत्न केले, पण ते फसले. आज तिथे व्हिओनिए, पेटी व्हर्दो आणि पेटी माँसाँ या जाड सालीच्या जाती चांगल्या येतात. मिझुरीने अमेरिकन मुळाच्या नॉर्टन द्राक्षावर भर दिला. गडद रंगाची आणि ठसठशीत आम्लतेची ही लाल वाइन युरोपीय चवीच्या मापाने मोजू नये. याच राज्यातील ऑगस्टा हा १९८०मध्ये मान्यता मिळालेला देशातील पहिला एव्हीए आहे. नापाचा क्रमांक त्यानंतरचा. थंड प्रदेशांचीच आवड जडली, तर मिशिगनमधील लीलानाऊ आणि ओल्ड मिशन ही द्वीपकल्पे पाहावीत.

टेक्सासकडे मात्र मराठी वाचकाने विशेष लक्ष द्यावे. तिथली बहुतांश द्राक्षे लबक शहराजवळच्या हाय प्लेन्स पठारावर, सुमारे ९०० ते १२०० मीटर उंचीवर पिकतात. दिवस तापतात, रात्री गार होतात आणि गारपिटीची भीती कायम असते. टेस्टिंग रूम, म्हणजे वाइन चाखण्याच्या वाइनरींच्या जागा, मात्र मुख्यतः दूरच्या हिल कंट्रीत, फ्रेडरिक्सबर्गच्या आसपास आहेत, म्हणून द्राक्षे कुठली हे लेबलावर पाहावे. सुरुवात तेंप्रानियो किंवा मूर्वेद्र या लाल वाइनच्या द्राक्षांनी करावी. फिलॉक्सेरा या मुळांवरील किडीने फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त होत असताना टेक्सासचे द्राक्षतज्ज्ञ टी. व्ही. मन्सन यांनी टेक्सासमधील, ही कीड सहन करणाऱ्या रानवेलींचे खुंट पुरवण्यास मदत केली आणि १८८८मध्ये फ्रान्सने त्यांचा सन्मान केला. नाशिक-सांगलीच्या बागांमध्ये सर्रास वापरला जाणारा डॉगरिज हा खुंटदेखील मूळ टेक्सासच्या रानवेलींपैकीच आहे.

अमेरिकेत राहणाऱ्यांना या बाटल्या जवळच्या दुकानात मिळाल्या नाहीत, तर थेट वाइनरीकडून मागवता येतात. २००५मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने परराज्यातील वाइनरींशी भेदभाव करणारे कायदे रद्द ठरले, तरी नियम राज्यागणिक वेगळे असल्याने आधी ते पाहून घ्यावेत. पार्सल घेताना २१ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीची सही लागते. प्रत्यक्ष जायचे असल्यास शनिवार-रविवार टाळावा, गाडी चालवणाऱ्याने पिऊ नये आणि इतरांनीही घोट थुंकण्यात संकोच बाळगू नये. टेस्टिंग रूममध्ये ‘तुमची सर्वोत्तम वाइन कोणती’ असे विचारण्याऐवजी कोणत्या वर्षी पीक हातचे गेले आणि त्यानंतर बागेत काय बदलले, हे विचारावे. शक्य असल्यास त्या वर्षाची बाटलीही चाखायला मागावी.