काळं ते सगळं कोळसा नव्हे: वर्धा खोऱ्यात कोअर वाचायला शिकताना

एम.एस्सी. भूशास्त्र करून वणीजवळच्या ड्रिलिंग साइटवर रुजू झालो, तेव्हा गोंडवाना या कोळसा असलेल्या जुन्या खडकगटाच्या थरांचा क्रम खालून वर तोंडपाठ होता: तालचीर, बराकर, मोतूर, कामठी. पहिल्याच आठवड्यात मी कोअरमधला (ड्रिलने जमिनीतून काढलेला खडकाचा दंडगोल) सव्वा मीटर शेल (चिखलाचा पापुद्रेदार खडक) ‘कोळसा’ म्हणून वहीत लिहून मोकळा झालो. रिगवरच्या (ड्रिलिंग यंत्रावरच्या) जुन्या ऑपरेटरभाऊंनी वही पाहिली, तुकडा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, “कोळसा इतका जड राहते का, सर?”

नाहीच राहत. कोळशाचं सापेक्ष घनत्व साधारण १.३ ते १.६, शेलचं दोनच्या वर. हाताला सवय झाली की फरक लगेच कळतो. कोळशात चकचकीत आणि मंद पट्टे आलटून-पालटून दिसतात आणि तो ठोकळ्यांत तुटतो. कार्बनी शेल पापुद्र्यांनी सुटतो. या दोहोंच्या मधलं जे असतं, ते खरं छळतं. तिथे प्रयोगशाळेतलं राखेचं प्रमाणच निकाल देतं.

चंद्रपूर-वणी पट्ट्यात कोळसा जमिनीवर सहसा दिसत नाही. वर काळी माती, खाली कामठीचा तांबूस वालुकाश्म, आणि तो भरपूर पाणी धरतो. मग कुठे कुठे मोतूरची रंगीबेरंगी चिकणमाती आणि त्याखाली पांढरट-करडा बराकर. कोळसा इथेच. पश्चिमेकडे काही ठिकाणी या सगळ्यावर बेसाल्टचं झाकणही आहे. (एवढ्या नावांत आपलं नाव एकच: नागपूरजवळचं कामठी. तालचीर ओडिशातलं, बराकर ही पूर्वेकडची नदी.) हिरवट तालचीर लागला की समजायचं, आता खाली कोळसा नाही, रिग हलवा.

बराकरमध्ये इथे मुख्य सीम (कोळशाचा थर) एकच, पण जाडजूड. बऱ्याच ठिकाणी १५-२० मीटर. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात तिच्या पोटात शेलचे बँड (पट्टे) असतात, आणि काही भागांत ती फुटून दोन-तीन थर होतात. कुठला बँड खणताना वेगळा काढता येईल आणि कुठला कोळशाबरोबरच जाईल, हा हिशेब तुमच्या वहीवरून होतो. २०१२पासून आपल्याकडे कोळशाची प्रत उष्मांकावर ठरते, ३०० किलोकॅलरीच्या पायऱ्यांनी. उदाहरणार्थ, जी-१० ही प्रत म्हणजे किलोला ४३०१ ते ४६०० किलोकॅलरी. शेल मिसळला की पायरी घसरते आणि भावही. माझा सव्वा मीटर म्हणूनच महागात गेला असता.

आणखी एक. तीन मीटरच्या रनमध्ये (ड्रिलच्या एका खेपेत) अडीच मीटरच कोअर निघाला, तर उरलेला अर्धा मीटर ‘कोअर लॉस’ म्हणून लिहा. तुकडे पसरून बॉक्स भरू नका. नंतर बोअरमध्ये गॅमा (खडकाचा नैसर्गिक किरणोत्सार) आणि डेन्सिटी (घनता) मोजणारी उपकरणं सोडतात. शेलला गॅमा चढतो, कोळशाला उतरतो. लपवलेलं तिथे उघडं पडतं.

नोकरीचं विचाराल तर यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा आणि कोल इंडियाची भरती हे दोन मुख्य रस्ते. खासगी ड्रिलिंग कंत्राटदारांकडे पगार बेताचा, पण कोअर रोज हाताळायला मिळतो.

आणि मे महिन्यात इकडे आलात तर सॅम्पल उन्हात ठेवून जेवायला जाऊ नका. चंद्रपूरच्या ४५ अंशांत कोळसा बघता बघता तडकतो, ओलावा उडतो आणि रिपोर्टमधला आकडा चुकतो. लॉग (कोअरचं वर्णन) लिहून झाला की लगेच पॉलिथीनमध्ये बांधा, चिठ्ठी आत एक, बाहेर एक. मग डबा उघडा.