समुद्रावर व्हीएफएक्सचं शूटिंग: सुपरवायझर व्हायचंय? या चुका टाळा

व्हीएफएक्स (चित्रपटात कॉम्प्युटरवर घातलेली किंवा बदललेली दृश्यं) सुपरवायझर म्हणजे कॉम्प्युटरसमोर बसणारा सगळ्यात तरबेज आर्टिस्ट, असा समज रत्नागिरी-सिंधुदुर्गातून मुंबईला कोर्स करायला जाणाऱ्या बऱ्याच मुलांचा असतो. खरं तर त्याच्या कामाचा मोठा भाग चित्रीकरणाच्या जागी, उन्हात उभं राहून होतो. तिथे जे मोजलं नाही ते पुढे कुणीतरी रात्री जागून अंदाजाने भरून काढतं. आपल्या किनाऱ्यावर तर हे मोजणं स्टुडिओपेक्षा कितीतरी अवघड, कारण पाणी, वारा आणि ऊन सारखं बदलत असतं.

रिकामी फ्रेम जेवणानंतर घेणं

कलाकार बाजूला करून त्याच जागेवरून, त्याच लेन्सने घेतलेल्या रिकाम्या फ्रेमला क्लीन प्लेट म्हणतात. दोरी, क्रेन, चुकून फ्रेममध्ये आलेला माणूस पुसायचा तर तीच लागते. सेटवर घाई असते. ‘आधी जेवून घेऊ, मग प्लेट घेऊ’ असं कुणीतरी म्हणतं आणि सुपरवायझर मान डोलावतो. गुहागरसारख्या सपाट पुळणीवर तासाभरात पाण्याची कड कुठल्या कुठे गेलेली असते. ओल्या वाळूचा रंग वेगळा, तिच्यात आभाळाची चमक वेगळी, पावलांचे ठसेही नाहीसे झालेले. ती प्लेट शॉटला जुळतच नाही. ओके म्हटल्या म्हटल्या, कॅमेरा हलायच्या आत प्लेट घ्या.

भरतीची वेळ काढायची किनाऱ्यावरची जुनी रीत आजही उपयोगी आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. चतुर्थीला साधारण तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता. दिवसाही आणि रात्रीही. हिशेब ढोबळ आहे, नेमक्या वेळेसाठी भरती-ओहोटीचं छापील कोष्टक बघाच. पण शूटिंगच्या तारखा ठरवणाऱ्या बैठकीत कालनिर्णय बघून ‘त्या दिवशी दुपारी पुळण पाण्याखाली असेल’ असं जो सांगतो, त्याचं म्हणणं दिग्दर्शक पुढच्या वेळी आधी विचारतो.

भरती रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. म्हणजे आठवड्याने राहिलेला शॉट घ्यायला गेलात तर जिथे भरती होती तिथे त्याच वेळी ओहोटी असेल. पाणी पुन्हा त्याच घटकेला तसं हवं असेल तर पंधरवडा थांबा. त्यातही उधाणाची (अमावास्या-पौर्णिमेची मोठी) भरती आणि भांगाची (अष्टमीच्या सुमाराची लहान) भरती यांत फरक असतो. मुंबईकडे उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं, मालवणकडे ते बरंच कमी. एका ठिकाणचा अंदाज दुसरीकडे वापरू नका.

क्षितिज न मोजता जहाज टाकणं

ही चूक नवशिक्यांच्या शोरीलमध्ये, म्हणजे कामाचे नमुने दाखवणाऱ्या व्हिडिओत, हमखास दिसते, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. समुद्राचा शॉट, दूर एक थ्रीडी गलबत. सगळं छान, पण गलबत खेळण्यातलं वाटतं. कारण बहुतेक वेळा एकच: क्षितिजाची रेषा चुकीच्या ठिकाणी कापते. कॅमेऱ्याची उंची पाण्यापासून दीड मीटर असेल, तर जवळचं असो की लांबचं, पाण्यावरच्या प्रत्येक वस्तूला क्षितिज पाण्यापासून दीड मीटरवरच छेदतं. गलबताचा काठ पाण्यावर चार मीटर असेल तर तो क्षितिजाच्या वर दिसायलाच हवा. पूर्ण सांगाडा क्षितिजाखाली बसवलात, तर प्रेक्षकाला कारण सांगता येणार नाही, पण ते जहाज लहान वाटेल.

म्हणून प्रत्येक टेकला कॅमेऱ्याची उंची टेपने मोजा, आणि ती वाळूपासून नाही, त्या क्षणीच्या पाण्याच्या पातळीपासून. सोबत लेन्स, फोकसचं अंतर, कॅमेऱ्याचा कल आणि फिल्टर लिहा. पोलरायझर लावला होता का, हे बहुतेकांच्या नोंदीत नसतं. तो पाण्यावरची चमक खातो. नोंद नसेल तर पुढे जोडलेलं कॉम्प्युटरवरचं पाणी खऱ्या पाण्याला का जुळत नाही, याचा शोध घेण्यात दिवस जातात.

लाटांवर ट्रॅकिंग

कॅमेऱ्याची हालचाल सॉफ्टवेअरने काढायची तर फ्रेममध्ये स्थिर खुणा लागतात. लाट, फेस, वाऱ्याने डोलणारी सुरूची बनं, यांतलं काहीच चालत नाही. खडक, धक्क्याचा खांब, किल्ल्याची तटबंदी फ्रेमच्या कडेला तरी ठेवा आणि त्यांच्यातलं अंतर मोजून घ्या. काही नसेल तर वाळूत काठ्या रोवा. मात्र सिंधुदुर्ग, विजयदुर्ग हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालचे किल्ले आहेत. तटाला खूण चिकटवणं किंवा खिळा ठोकणं तर सोडाच, चित्रीकरणालाही आधी परवानगी लागते.

होडीवरून शूट असेल तर तांडेलाशी (होडीच्या प्रमुखाशी) आदल्या दिवशी बोला. वारा कधी फिरतो, होडी कुठे कमी हलेल, हे त्याच्याइतकं कुणाला कळत नाही. त्याला नुसता ‘होडीवाला’ समजून ऐन वेळी हाका मारणारं युनिट मला अजिबात आवडत नाही.

पडदा आणि उजेड

मागचं दृश्य कॉम्प्युटरवर बदलायचं असलं की माणसामागे एकरंगी पडदा लावतात. तो हिरवाच, असं सवयीने मागवू नका. माड, सुरू, भातखाचरं फ्रेममध्ये पुढे असतील तर पडद्याबरोबर पानंही उडतात; तिथे निळा घ्या. खाऱ्या वाऱ्यात मोठा पडदा शिडासारखा फुगतो, सुरकुत्या पडतात. कधी कधी पडदा न लावता रोटोचे (आकृतीची कड फ्रेममागून फ्रेम हाताने कापण्याचे) पैसे आधीच धरणं स्वस्त पडतं.

तांबड्या मातीचंही भान ठेवा. जांभ्याच्या कातळावर उभ्या माणसाच्या हनुवटीखाली लालसर उजेड येतो. त्याच्यामागे पांढरी पुळण जोडलीत तर चेहरा उपरा दिसतो. अशा वेळी पायाशी पांढरं कापड अंथरा. आणि उजेड टिपायचा क्रोमचा गोळा प्रत्येक वेळी पुसा. खाऱ्या हवेचा पातळ थर बसला की त्यातलं प्रतिबिंब धुरकट होतं. ढग असतील तर टेकनंतर लगेच टिपा.

‘नंतर बघू’ला हो म्हणणं

दिग्दर्शक ‘पोस्टमध्ये (चित्रीकरणानंतरच्या कामात) काढू’ म्हणाले की गप्प बसणं हा नम्रपणा नाही. ‘सर, पाच मिनिटं थांबलात तर ही बोट जाईल, नाहीतर या शॉटला रोटोचा एक माणूस आठवडाभर लागेल’ असं आकड्यात सांगा. हे सांगण्याइतका अंदाज यायचा तर रोटो, पेंट (नको ते पुसणं), मॅचमूव्ह (कॅमेऱ्याची हालचाल काढणं), कॉम्पोझिटिंग (सगळे थर एका चित्रात जोडणं) स्वतः केलेलं हवं. त्यामुळे रोटोची पहिली वर्षं वाया गेली असं समजू नका.

शोरीलमध्ये फक्त स्वतःचं काम ठेवा, आधी-नंतरच्या पायऱ्यांसकट. करार मोडून प्रदर्शित न झालेल्या चित्रपटाचे शॉट कधीही टाकू नका. आणि सेटवर मोजमापं घेणाऱ्या डेटा रँगलरचं काम समोर आलं तर पैसे कमी म्हणून नाकारू नका. सुपरवायझरच्या शेजारी दिवसभर उभं राहायला मिळतं ते याच कामात.