गिऱ्हाइकाला प्रिंटची लिंक देण्याआधी

लग्नाचे फोटो गिऱ्हाइकाने घरबसल्या निवडावेत आणि प्रिंट थेट त्याच्या दारात पोचावेत, अशी ऑनलाइन सेवा घेणार असाल तर आधी स्वतः दहा-बारा प्रिंट मागवा. त्यात हळदीचा एक, हिरव्या शालूतला एक आणि रात्रीच्या वरातीचा एक फोटो हवाच. हळद केशरी दिसली किंवा शालूचा जरीकाठ पांढरा पडला, तर ती लॅब सोडा. फाइल मात्र एसआरजीबी या रंगपद्धतीतच पाठवा, नाहीतर दोष लॅबचा की आपला हे कळणार नाही.

खरी गोम क्रॉपमध्ये, म्हणजे फोटोच्या कडा कापण्यात आहे. आपल्या कॅमेऱ्यांचा फोटो बहुधा २:३ प्रमाणात असतो. ८×१२ इंचाला तो पुरा बसतो. ८×१० मागवला की लांबीतले २ इंच जातात. सांगलीतल्या एका लग्नात गिऱ्हाइकाने ८×१० मागवला आणि मुंडावळ्यांसकट कपाळ कापलेली नवरी तिच्या आजीच्या हातात पडली. फार वाईट वाटलं. तेव्हा कुठला भाग कापला जाणार ती चौकट ऑर्डर देतानाच मोबाइलवर दिसते का, बोटाने सरकवता येते का, हे पाहिल्याशिवाय सेवा घेऊ नका.

१२×१८ इंचाला ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, ३६००×५४०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेली फाइल तिथे पुरत नाही. चांगली सेवा तसा इशारा देते.

जत, आटपाडीकडचे पिनकोड टाकून पोच होते का बघा. यूपीआय हवंच. खराब प्रिंट आला तर पुन्हा छापून किती दिवसांत देणार, हेही लेखी घ्या.