न्यूटन मेसेजपॅड पुन्हा वापरात आणताय? या चुका टाळा

ॲपलचा न्यूटन मेसेजपॅड, म्हणजे लेखणीने पडद्यावर लिहायचा हातात मावणारा संगणक, ३ ऑगस्ट १९९३ ला बॉस्टनमध्ये विक्रीला आला. किंमत ६९९ डॉलर, गाजावाजा हस्ताक्षर ओळखण्याचा आणि लिहावं एक तर उमटावं भलतंच! लोकांनी टिंगल केली, २७ फेब्रुवारी १९९८ ला ॲपलने तो गुंडाळला. तरी आजही तो रोज वापरणारे आहेत. चालू केला की लगेच लिहायला तयार, ‘सेव्ह’ची भानगड नाही, आणि सेल कुठल्याही किराणा दुकानात मिळतात.

पहिली चूक खरेदीतच होते. स्वस्त म्हणून १९९३ चं मूळ मॉडेल घेतलं की त्या वेळची सगळी डोकेदुखी सोबत येते. त्यातली १.x ही जुनी कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) शब्द पुरवलेल्या शब्दकोशाशी ताडून बघते. रोमन लिपीत ‘होटगी’ किंवा ‘बाळीवेस’ लिहिलंत तर जवळचा इंग्रजी शब्द माथी मारते. देवनागरी तर त्याला येतच नाही. २.x प्रणालीचं मॉडेल घ्या. जमलं तर २००० किंवा २१००. सेटिंगमध्ये ‘प्रिंटेड’ निवडा, अक्षरं सुटी काढा आणि गावांची, माणसांची नावं वैयक्तिक शब्दयादीत घाला. अक्षरं जोडून लिहायचा (‘कर्सिव्ह’) पर्याय निवडला असेल तर यंत्र तुमच्या वळणाची सवय करून घेतं. तेव्हा घरातल्या प्रत्येकाच्या हाती लेखणी देऊ नका. द्यायचीच असेल तर आधी ‘गेस्ट’ (पाहुण्यांसाठीची सेटिंग) सुरू करा.

तारीख भलतीच दाखवतोय? यंत्र बिघडलेलं नाही. न्यूटन १९९३ पासूनचे सेकंद मोजतो आणि ५ जानेवारी २०१० ला तो आकडा त्याच्या मर्यादेबाहेर गेला. २०००/२१०० साठी दुरुस्तीचा पॅच (छोटं सॉफ्टवेअर) आहे, तो टाका.

पॅच टाकायला केबल लागते आणि इथेच बरेच जण अडकतात. २०००/२१०० ला केबल जोडायचं जुनं गोल सिरियल पोर्ट नाही. ती केबल जोडायचा छोटा ॲडॅप्टर वेगळा असतो आणि जुन्या मालात हमखास हरवलेला असतो. पैसे देण्याआधी तो मागा.

चार्जिंगचा पॅक मेला तर फेकू नका. २०००/२१०० च्या पॅकमध्ये एए आकाराचे ४ निकेल-मेटल हायड्राइड सेल असतात. सोलापूरच्या नवी पेठेत कुणाला बांधायला देणार असाल तर दोन गोष्टी बजावून सांगा: सेल पट्टीवालेच घ्यायचे, कारण सेलवर थेट डाग दिला की आतली सील जाते, आणि तापमानाचा सेन्सर पुन्हा सेलला चिकटवायचा. तो सुटा राहिला तर सेल तापल्याचं यंत्राला कळत नाही.

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशीपार जातो. गाडीच्या डिकीत ठेवलेल्या मेसेजपॅडचा पडदा काळवंडतो. लगेच कॉन्ट्रास्टशी खेळू नका, सावलीत गार होऊ द्या. यंत्रमागाजवळ वापरत असाल तर कापसाची तूस पडद्याच्या कडेला साचते आणि रेघा आपोआप उमटतात. मऊ कोरड्या ब्रशने कड साफ करा, मग पेन अलाइनमेंट (लेखणी टेकते तिथेच रेघ उमटावी यासाठीची जुळणी) पुन्हा करा. एवढं करूनही २०००/२१०० वर रेघ करवतीसारखी उमटली तर डिजिटायझरच्या (लेखणीचा स्पर्श ओळखणाऱ्या थराच्या) पट्टीचा जोड ढिला झाला असण्याची शक्यता मोठी. तो उघडून बसवावा लागतो. वरून दाबून उपयोग नाही, काच फुटेल.

अडकला तर आधी फक्त रिसेट दाबा. पॉवरचा खटका धरून रिसेट दाबलं तर सगळा डेटा पुसायचा का, असं विचारतो. बॅकअप नसेल तर तिथे ‘नाही’च म्हणा.