इटालियन सायकल फ्रेमचा बीबी (बॉटम ब्रॅकेट) सारखा सैल होत होता

१९८०च्या दशकातली इटालियन स्टील फ्रेम, त्यावर नवा ११-स्पीड गिअर सेट. गोम निघाली बीबीत, म्हणजे पेडलचा दांडा ज्यावर फिरतो त्या बेअरिंगच्या भागात. शेल (बीबी बसतो ती फ्रेमची नळी) ७० मिमी रुंद, आटे ३६ मिमी व्यासाचे आणि दोन्हीकडे उजवेच (घड्याळाच्या दिशेने आवळणारे). त्यामुळे पेडलच्या जोराने चेनकडचा कप (बेअरिंग धरणारी आटेदार वाटी) हळूहळू सुटतो; त्र्यंबक रोडच्या चढावर कटकट सुरू. (इंग्लिश मापाचा कप व्यासाने लहान, तो या शेलमध्ये आटे न धरता नुसता आत सरकतो.)

आटे रॉकेल आणि टूथब्रशने घासले. ओशटपणा स्पिरिटने पुसायचाच, नाहीतर थ्रेडलॉकर (आटे सुटू न देणारा चिकट द्रव) धरत नाही. चेनकडे निळं थ्रेडलॉकर, डावीकडे ग्रीस, टॉर्क पान्याने ४० न्यूटन-मीटर, मग २४ तास हात लावायचा नाही.

मागचा हब (चाकाचा मधला भाग) १३० मिमी रुंद, फ्रेममध्ये त्याची जागा १२६. स्टील दोन्हीकडे दोन-दोन मिमी हाताने फाकतं, चाक बसतं. कार्बन फ्रेमवर मात्र हा उद्योग नको.