दमट थंडीत आतला कपडा कोरडा ठेवा
जानेवारीत निफाडला आणि दिल्लीला तापमापक सारखेच 7 अंश सेल्सिअस दाखवत असला, तरी दिल्लीची धुक्यातली थंडी अंगात अधिक शिरते. हवेतील बाष्पच शरीराची उष्णता ओढून घेते, असे सर्रास मानले जाते. प्रत्यक्षात थंड हवेत बाष्प मावतेच थोडे, 10 अंशांना घनमीटरमागे जेमतेम 9 ग्रॅम, आणि तेवढ्याने हवेची उष्णता वाहून नेण्याची क्षमता फारशी बदलत नाही. खरा फरक कपड्यांत पडतो. धाग्यांमध्ये अडकलेली स्थिर हवा आपल्याला ऊब देते. धुक्यात ते धागे ओलावा धरतात, अंगावरचा घामही लवकर वाळत नाही, आणि पाण्यातून उष्णता स्थिर हवेच्या सुमारे 25 पट सहज वाहत असल्याने जाड स्वेटरही अपुरा पडतो. त्यातच निफाडला सकाळी मिळणारे ऊन दिल्लीत धुके कित्येकदा दुपारपर्यंत अडवून धरते.

म्हणून उत्तरेकडे जाताना अंगालगत सुती बनियन घालण्याऐवजी लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा थर्मल घालावा, कारण ओले सुती कापड लवकर वाळत नाही. भरभर चालायचे असल्यास घाम येण्याआधीच वरचा थर उतरवावा, आणि मोजे किंचितही दमट लागले तर ते न चुकता बदलावेत. कोरड्या थंडीत मात्र अंघोळीनंतरचे पाणी झपाट्याने उडून जाताना त्वचेची उष्णता घेऊन जाते. तेथे स्नानगृहातच अंग पूर्ण कोरडे करून मगच बाहेर यावे.