जिमनॅस्टिक्सच्या पहिल्या स्पर्धेआधी पोरीला खिडकी विसरायला लावा

"सर, आपली खिडकी कुठी हाय?"

आठ वर्षांच्या पोरीनं मॅटवरून मला हे विचारलं. कोलांटी झाली होती, एका पायावरचा तोल झाला होता, आणि मग दोन्ही हात वर धरून ती तशीच थांबली. पंच थांबले, हॉल शांत झाला. रूटीन, म्हणजे ठरलेल्या क्रमानं करायच्या हालचाली, तिला झोपेतही येत होतं. तीन महिने मीच घेतलं होतं. त्या गोष्टीला चार वर्षं झाली, तरी तो प्रश्न आठवला की पोटात खड्डा पडतो.

चूक माझी होती. आमचा सराव शाळेच्या एका खोलीत चालायचा. "खिडकीकडे कोलांटी, फळ्याकडे कार्टव्हील, दाराकडे तोंड करून सलामी," असंच मी रोज ओरडायचो. (कार्टव्हील म्हणजे हात टेकवून चाकासारखं बाजूला फिरणं.) लहान मूल हालचाली अंगात मुरवतं, पण त्यांचा क्रम भिंतीला टांगून ठेवतं. खिडकी गेली की पुढचं सगळं जातं. तालुक्याच्या हॉलमध्ये पंचांचं टेबल भलत्याच बाजूला होतं आणि खिडक्या होत्या छताजवळ. रडली नाही ती. नुसती शोधत राहिली.

म्हणून स्पर्धेआधीचे शेवटचे तीन आठवडे रोज पोरीच्या तोंडाची दिशा बदला. एक खुर्ची ठेवा, तिच्यावर कोणाला तरी बसवा, ते पंच. आज खुर्ची फळ्यापाशी, उद्या दारात, परवा कोपऱ्यात. खोलीतल्या वस्तूचं नाव तोंडातून काढायचंच नाही. "पंचांकडे", "पंचांकडे पाठ", "मॅटच्या लांबीनं", एवढंच बोला. खुर्चीवर माणूसही बदलत ठेवा. अंगणवाडीच्या ताई, शेजारचे आजोबा, कोणीही चालेल, पण हसून मान डोलावणारं नको. आठवड्यातून एकदा बाहेर मैदानात न्या आणि उड्या न मारता नुसतं चालत रूटीन करवा. आपल्याकडच्या काळ्या मातीला भेगा असतात, तिथं कोलांटी घ्यायची नाही. मॅटची लांबी आयोजकांना आधीच विचारा. मोठ्या स्पर्धेत फ्लोअर 12 बाय 12 मीटर असतो, गावातल्या हॉलमध्ये बहुधा एक पट्टी मिळते. घरी पाच पावलं धावून कार्टव्हील घेणाऱ्या पोरीला तिथं तीनच पावलं मिळाली, तर ती गोंधळणारच.

आता गादीचं. घरच्या कापसाच्या गादीवर कोलांटी ठीक आहे, हातावरचं काही नको. कापूस दबतो, गोळे होतात, मनगट मुडपतं. आणि स्प्लिट (पाय पूर्ण फाकवून जमिनीवर बसणं) लवकर यावा म्हणून पोरीच्या खांद्यावर दाब देणारा कोणी भेटला, तर पोरीला उचलून घरी आणा. मग तो कितीही नावाजलेला असो. मोबाइलवरचे "सात दिवसांत बॅकफ्लिप"वाले व्हिडिओही त्याच माळेचे. त्यापेक्षा मल्लखांब केलेला एखादा जुना माणूस गाठा. आपल्या अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून आहे, त्यामुळे या भागात अशी माणसं अजून सापडतात. पडायचं कसं, हे ते आधी शिकवतात.

शेवटच्या दोन आठवड्यांत नवीन काही शिकवू नका. पायाचा अंगठा ताणणं, गुडघा सरळ ठेवणं आणि उतरल्यावर जागच्या जागी थांबणं, एवढंच घासा. आंतरराष्ट्रीय नियमांत उतरताना लहान पाऊल सरकलं की 0.1 जातो, पडलं की पूर्ण 1 गुण. आपली जिमनॅस्ट दीपा कर्माकर, तिचं 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमधलं व्हॉल्टचं (धावत येऊन टेबलावरून घ्यायची उडी) ब्राँझ 0.15 गुणांनी हुकलं होतं. हे पोरीला सांगायचं नाही, स्वतः लक्षात ठेवायचं. अनौपचारिक स्पर्धेत पंच बरंच सांभाळून घेतात. अडखळली तरी पुढची हालचाल करून शेवटची सलामी द्यायची, हे मात्र तिच्याकडून दहा वेळा करून घ्या.

त्या दिवशी पहाटेच्या एसटीनं जाणार असाल तर उतरल्यावर पुन्हा पूर्ण वॉर्मअप हवा, बसून बसून अंग आखडलेलं असतं. खायला भाकर-वरण दोन तास आधी, मग फार तर केळं. पोरीला मळमळलं तर घाबरू नका, पाठीवर हात ठेवून बसा. बहुतेकींना होतं, आणि नाव पुकारलं की जातं.

ती पोर आता बारा वर्षांची आहे. कुठल्याही नव्या हॉलमध्ये गेली की चप्पल काढायच्या आधी विचारते, "सर, पंच कुठी बसतीन?"